सड्यावरची आकाशखोली: कड, पाणी आणि चुना

चार भिंती, भिंतीलगत बाक, वर स्लॅब आणि स्लॅबच्या मधोमध एक चौकोनी भोक. आकाशखोली म्हणजे एवढंच. आत बसायचं, वर बघायचं, बोलायचं नाही. भोकाला काच नाही, जाळी नाही, पत्रा नाही. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, अशी खोली एका शिल्पकाराबरोबर बांधली. कल्पना आणि शेवटचा शब्द शिल्पकाराचा, चिरा (जांभ्याचा कापीव दगड), सिमेंट आणि पाण्याची बाजू आमची. अशा कामांबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक आत बसल्यावर काय वाटलं याबद्दल. इथे फक्त बांधणीबद्दल लिहितोय, कारण कोकणात अशी खोली जमते किंवा फसते ती दोनच जागी: भोकाच्या कडेला, आणि पाण्याच्या वाटेवर.

या प्रकाराचा प्रवर्तक अमेरिकन कलाकार जेम्स टरेल. जन्म १९४३, लॉस एंजेलिस, घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. एकत्र जमून गप्प बसणं हीच त्यांची उपासना. ह्यूस्टनमध्ये क्वेकरांच्या सभागृहाच्या छतातच त्याने आकाशाला वाट करून दिली आहे. अ‍ॅरिझोनातला रोडेन क्रेटर हा विझलेला ज्वालामुखी १९७७ मध्ये त्याच्या ताब्यात आला, तिथलं काम आजही चालू आहे. न्यूयॉर्कच्या पी. एस. वन या कलासंग्रहालयातली ‘मीटिंग’ ही त्याची खोली १९८६ पासूनची. या सगळ्या कामांत एक युक्ती समान आहे. भोकाची कड इतकी पातळ ठेवायची की छताची जाडी बसलेल्या माणसाला दिसताच कामा नये. जाडी दिसली की ते भोक वाटतं आणि आकाश त्याच्या पलीकडे लांब जातं. जाडी नाहीशी झाली की आकाश खाली उतरून छताच्याच पातळीवर चपटं होऊन बसतं. सगळा खेळ तिथे आहे.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आणि रत्नागिरी जिल्ह्यात फरक एवढाच की आपल्याकडे त्या भोकातून वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस आत येतो. नकाशा समोर ठेवल्यावर आमच्या मिस्त्रींचा पहिला प्रश्न होता, “पाणी जायचं कुठनं, ते आधी सांगा.” पुढचं निम्मं काम या एका प्रश्नाचं उत्तर होतं.

जागा एप्रिलमध्ये बघू नये. उन्हाळ्यात सडा सगळीकडे सारखाच दिसतो, काळपट आणि सपाट. उतार कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतं. म्हणून श्रावणात जावं, मोठी सर थांबल्यावर तासाभराने. जिथे तेव्हाही घोटाभर पाणी उभं असेल तिथे चौथरा घालायचा नाही. तिथला कातळ पाणी मुरू देत नाही हे एक कारण. दुसरं असं की त्याच उथळ पाण्यावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही सड्यावरची सगळी इवली झाडं जगतात. चौथऱ्याने ओहळ अडला तर खालचा पट्टाच्या पट्टा सुकतो, आणि एकदा सुकला की आपण लावून ती झाडं येत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कातळशिल्पं, सड्यावर कोरलेली जुनी चित्रं. बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, कशेळी, जांभरूण, उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं सिंधुदुर्गातल्या कुडोपी आणि गोव्यातल्या फणसामाळसह २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण यादीत नसलेली, मातीखाली आणि गवताखाली झाकलेली कितीतरी आहेत. खोलीच्या जागेभोवती सगळ्या बाजूंनी पंधरा मीटर कातळ खराट्याने झाडून घ्यायचा, पाणी मारायचं आणि सकाळी सात-साडेसातच्या तिरप्या उन्हात बघायचं. बोटभर खोल रेषाही अशा उन्हात सावली धरते. बाराच्या उन्हात कोरलेला अख्खा हत्ती पायाखाली असला तरी दिसणार नाही. काही आढळलं तर जागा सोडायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. यात ‘थोडं सरकवून घेऊ’ असं काही नसतं.

तिसरी गोष्ट, भोकातून काय काय दिसेल. पी. एस. वनच्या खोलीतून २०१९ मध्ये शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतीची परांची दिसू लागली आणि ती खोली काही काळ बंद ठेवावी लागली. आकाशाच्या तुकड्यात एक लोखंडी पाइप आला तरी सगळं मोडतं. म्हणून हिशोब आधीच करायचा. आमच्या खोलीचं आतलं माप ४ मीटर बाय ४ मीटर, छत ३.६ मीटरवर, भोक १.८ मीटर चौरस. बाकावर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून साधारण १.१५ मीटरवर येतो. कोपऱ्यात बसलेल्याची नजर समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडते तेव्हा ती ३४ अंशांची असते. त्याहून खालचं कुणालाच दिसत नाही. या हिशोबाने १२ मीटरचा माड १६ मीटरपेक्षा जवळ नको आणि ४० मीटरचा मोबाइल टॉवर ५७ मीटरपेक्षा जवळ नको. विजेच्या तारा बघताना आजच्या नव्हे, उद्या येऊ शकणाऱ्या बघाव्यात. सड्यावर खांब कुठून कुठे जाणार हे वायरमनला आपल्याआधी ठाऊक असतं, त्यालाच विचारावं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागतात, म्हणून जागा त्याबाहेरची घेतली. सड्याच्या सातबाऱ्यावर हिस्सेदारांची रांग असते आणि निम्मे चाकरमानी मुंबईत, त्यामुळे संमतीच्या सह्या गणपतीतच घ्याव्यात, तेव्हा सगळे एका पडवीत सापडतात. ग्रामपंचायतीचा ठराव, बिनशेतीचं काम हे ओघाने आलंच. गावकर-मानकऱ्यांना विचारून ग्रामदेवतेचा कौल घेतला. ज्यांना हा सोपस्कार वाटतो त्यांनी गावाला न विचारता सड्यावर काहीतरी बांधून बघावं.

उत्तर दिशा होकायंत्राने काढायची नाही. जांभ्यात लोह भरपूर. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ तर सुई भलतीकडे वळते हे आता सगळ्यांना माहीत झालंय. शुल्बसूत्रांत सांगितलेली शंकूची रीत वापरावी. मीटरभर सळई ओळंब्यात उभी करायची, तिच्याभोवती सकाळच्या सावलीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हे करावं, कारण त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे त्याचं उत्तर-दक्षिण स्थान, जवळजवळ बदलत नाही, चूक नगण्य राहते, आणि आभाळ स्वच्छ असतं. सळई ओळंब्यात नसेल तर मात्र रेघ वाकडी येणार.

दिशेला एवढं का जपायचं? कारण ऊन. राजापूर-रत्नागिरीच्या पट्ट्यात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. रत्नागिरीला ८ मेच्या आसपास, घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमाराला. त्या वेळी उन्हाचा चौकोन भोकाच्या थेट खाली, जमिनीच्या मधोमध पडतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो योग पुन्हा येतो, पण ढगांत. विषुवदिनी तोच चौकोन १.१ मीटर उत्तरेला सरकलेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीला सूर्य ५० अंशांपेक्षा खाली राहतो आणि चौकोन चक्क उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा मीटरवर चढतो. म्हणजे उत्तरेच्या बाकावर बसलेल्याच्या ऐन तोंडावर. भिंती वाकड्यातिकड्या लागल्या तर हे सगळं तिरपं होतं आणि चौकोन कुठल्याच दिवशी मधोमध बसत नाही. एरवी दुपारची वेळ या खोलीची नव्हेच. सूर्योदयाच्या आधीचा आणि सूर्यास्तानंतरचा तास, एवढ्यासाठी ती आहे.

आता कड. स्लॅब १५० मिमीचा. तो भोकापर्यंत नेला तर १५० मिमी जाडी लख्ख दिसणार. म्हणून काँक्रीट भोकाच्या कडेपासून २०० मिमी मागे थांबवलं आणि पुढे फक्त स्टेनलेस स्टीलची ५ मिमी प्लेट काढली, तिची धार वरच्या अंगाने घासून १ मिमीपर्यंत आणली. भूमिती साधी आहे. बाकावरून समोरच्या कडेकडे बघणाऱ्याची नजर साधारण ४४ अंशांत चढते, म्हणजे कडेपासून २०० मिमी मागे १९० मिमीपर्यंतची उंची तिच्या आड राहते. पण लोक उभेही राहतात. उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर धरला तर तिथे १५५ मिमीपर्यंतच लपतं. १५० मिमीचा स्लॅब त्यात जेमतेम बसतो. स्लॅबला आधार देणाऱ्या उलट्या बीम, भिंतीपासून भिंतीपर्यंत फुलीगोळ्याच्या चौकटीसारख्या, वर आणखी १५० मिमी चढतात. त्या कडेपासून ४०० मिमी मागे घेतल्या. तिथे ३१० मिमी लपतात, आपले ३०० होतात.

प्लेटचा ग्रेड ३१६ घ्यावा. दुकानदार ३०४ देतो, तोही चकचकीत दिसतो, पण खाऱ्या वाऱ्यात पहिल्या उन्हाळ्यातच त्यावर चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्षारांना तोंड देतं. पण ३१६ घेऊनही गंज येतो तेव्हा कारण बहुतेक वेल्डरच्या पेटीत असतं. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंगची चकती स्टेनलेसवर फिरवली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि गंजतात ते कण. त्यामुळे नवी चकती, स्टेनलेसच्या तारांचा ब्रश, ३१६एलचा रॉड, आणि शेवटी पिकलिंग पेस्टने सांधे साफ. पेस्ट लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं.

नुसती प्लेट २०० मिमी पुढे काढली तर दोन अडचणी येतात. वारा सुटला की ती थरथरते आणि गुणगुणते. ज्या खोलीत गप्प बसायचं तिथे छत गुणगुणलं तर काय उपयोग? म्हणून वरच्या बाजूने दर ३०० मिमीवर तिकोनी पट्ट्या वेल्ड केल्या, मागे ६० मिमी उंच आणि कडेकडे शून्य होत जाणाऱ्या. दुसरी अडचण थेंबांची. सपाट प्लेटवरून आलेलं पाणी धारेवरून खाली पडत नाही, वळून खालच्या अंगाने आत सरकतं आणि चुन्यावर पिवळट रेघोट्या ओढतं. एरवी छज्जाखाली खाच ठेवून थेंब तोडतात, पण इथे खाच दिसली असती. म्हणून प्लेटचं टोक मागच्या बाजूपेक्षा ४ मिमी खाली झुकवलं. डोळ्याला ते कळत नाही, थेंबाला कळतं. पाणी चढण चढून आत जात नाही, टोकावरूनच सुटतं.

प्लेट स्लॅबच्या आधी शटरिंगवर बसवायची. तिचं तळ आणि गिलाव्याचं तळ शेवटी एका पातळीत यायला हवं, आणि छताला चुन्याचा थर ६ मिमीचा येणार. म्हणून प्लेटची जागा सोडून बाकी सगळ्या शटरिंगवर ६ मिमीचा प्लाय अंथरला. काँक्रीट तेवढं वर राहिलं, पुढे ती जागा चुन्याने भरली. चौकोनाचे कर्ण २.५४६ मीटर. दोन्ही कर्णांत ३ मिमीहून जास्त फरक आला तर पोअरिंग थांबवायचं, कारण इतर कुठे चौकोन सेंटिमीटरने वाकडा चालतो, पण आकाशाचा चालत नाही. प्लेट आणि चुना यांच्यामध्ये ३ मिमीची फट मुद्दाम ठेवावी. उन्हात स्टील वाढतं, दोन मीटरला मिलिमीटरभर. फट नसेल तर भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सगळं लक्ष तिकडेच जातं.

हे सगळं करण्याआधी खऱ्या मापाचा एक डमी उभा केला होता: बांबूचा सांगाडा, वर प्लायचं छत, बाजूंनी काळं कापड. बाकाच्या जागी खुर्च्या. भोक २.४ मीटरचं आणि १.८ मीटरचं, दोन्ही बघितली. २.४ मीटरला बसलेल्या माणसाला आकाश मिळतं पण छत पुरत नाही, भोवतीची पांढरी चौकट बारीक पडते. शिल्पकाराचं म्हणणं १.८ वर ठरलं, आणि पावसाच्या हिशोबाने आम्हालाही तेच हवं होतं. डमीवर खर्च करायला लोक नाखूश असतात. स्लॅब तोडण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

स्लॅबबद्दल फार नवं नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवा ‘तीव्र’ वर्गात येते: एम ३० काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सळईवर काँक्रीटचं ४५ मिमी कव्हर. भिंतीबाहेर ४५० मिमी छज्जा धरून स्लॅब आणि बीम मिळून पावणेपाच घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं आणि ते एका दमात ओतायचं, सांधा ठेवायचा नाही. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको. तिच्यातलं मीठ आधी सळई खातं आणि मग चुन्यावर पांढरं फुलतं. शटरिंगचे सांधे पट्टी मारून बंद करावेत. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो उंचवटा संध्याकाळी डोंगराएवढा दिसेल.

भिंती चिऱ्याच्या. आमच्याकडे आलेला चिरा १४ × ९ × ७ इंचाचा होता. खाण बदलली की माप बदलतं, म्हणून सगळा माल एकाच खाणीतून उचलावा. १४ इंची भिंतीला साधारण १,४०० चिरे आणि प्रवेशाच्या बोळाला आणखी ३०० धरावेत. ताजा कापलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहून कडक होतो, त्यामुळे खाणीतून आणून महिनाभर तरी रचून ठेवावा. पिवळ्या-पांढऱ्या मातीच्या गाठी दिसणारा चिरा बाजूला काढायचा; पावसात ती माती वाहून जाते आणि भोकं राहतात. पाया असा नाहीच. कातळात १५० मिमीची खाच मारून पहिला थर त्यात बसवला. बाहेरून गिलावा नाही, फक्त चिऱ्यांमधल्या दरजा भरल्या.

प्रवेश पूर्वेकडून, कारण पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेचा. दाराऐवजी काटकोनात वळणारा बोळ, ९० सेंमी रुंद, वळणावर व्हीलचेअरसाठी दीड मीटर मोकळं. वळणामुळे बाहेरचा उजेड सरळ आत येत नाही. तोंडाशी बांबूचं बेडं (फाटक), गुरं आत शिरू नयेत म्हणून. सावली आणि गारवा मिळाला तर म्हशींनाही ही खोली माणसांइतकीच आवडते.

आतला गिलावा चुन्याचा. अ‍ॅक्रिलिक रंग आणि जिप्सम दोन्ही टाळावेत. चिरा पाणी पितो आणि सोडतो. वर प्लास्टिकसारखा थर बसला की पाणी मागे अडकतं आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. जिप्समला इथल्या दमट हवेत बुरशी धरते. चुना विरवून निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा. भिंतीला पहिला थर १२ मिमी, एक भाग चुना आणि दोन भाग धुतलेली नदीची वाळू, त्यात बारीक कापलेला ताग. दुसरा ६ मिमी, वाळू बारीक आणि दीड भाग. शेवटचा हात २ मिमीचा, चुना आणि संगमरवराची पूड समसमान. छताला पहिला थर नाही, ४ आणि २ मिमीवर भागवायचं. प्रत्येक थर आठवडाभर ओला राहायला हवा. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस सर्वांत चांगले, पण तेव्हा पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटतो आणि बोळातून आत शिरून पूर्वेकडचा भाग आधी सुकवतो. तिथे ओली गोणपाटं टांगावी लागतात. एप्रिल-मेमध्ये चुना लावला तर तो धरण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला की पूड येते. शेवटचा हात घोटून चकचकीत करायची गवंड्याला सवय असते, त्याला थांबवावं. भिंत चमकली की ती आकाशाचा रंग पसरवत नाही, भोकाचं प्रतिबिंब दाखवते.

पाण्याचे दोन हिशोब वेगळे ठेवावेत. तासाला १०० मिमीची सर धरली तर छतावर पडतं साधारण २,८०० लिटर आणि भोकातून आत येतं ३२५ लिटर. छताचं पाणी एक थेंबही आत येता कामा नये. उलट्या बीमपासून बाहेर उतार, पॅरापेट नाही, वर पांढरा चायना मोझॅक (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे), छज्जावरून पागोळ्या थेट कातळात खोदलेल्या चरात. बीमच्या आतल्या पट्ट्यात जे पाणी साठतं त्याला प्रत्येक बीममधून ४० मिमीची नळी दिली. ती पानांनी तुंबते, म्हणून दोन टोकं उघडी ठेवावीत म्हणजे काठीने टोचता येतात.

आतली जमीन जांभ्याचीच, ६० ला १ उतार मधून चारही बाजूंना, आणि बाकाच्या पायाशी १५ मिमीची फट. फटीखाली चर आणि चरातून ११० मिमीचे दोन पाइप, पूर्वेला आणि उत्तरेला. एक पाइप हिशोबाने पुरतो. पण सड्यावरचं गवत, पतंग, मृगाचे किडे, बेडूक हे हिशोबात नसतात. मधोमध जाळीचं भोक ठेवायचा मोह होतो, तो नको. माणूस वर बघत बसला तरी खाली नजर गेली की गटार दिसतं. पाऊस सरळ पडत असेल तर मधोमध पाण्याचा चौकोनी खांब उभा राहतो आणि बाक कोरडं. वारा असला की भ्रम संपतो. पाऊस ११ अंश कलला की बाकाची कड भिजते, २० अंशांना ईशान्येकडचं बाक मागच्या भिंतीपर्यंत ओलं. म्हणून बाक लाकडाचं नाही, चिऱ्याचंच, वर कडाप्पाची फळी पुढे झुकवलेली. पाठ १२ अंश मागे कलती. त्याने मान सैल राहते आणि समोरासमोरच्या भिंतींतला घुमाराही थोडा मोडतो. बाक आतून भरीव असावं. सुक्या गडग्यात आणि पोकळ बाकात फुरसं येऊन बसतं, आणि रत्नागिरीच्या सड्यावर ही शक्यता नुसती कागदोपत्री नसते.

वीज पडण्याचा विचार मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटासाठी. उघड्या सड्यावर सर्वांत उंच धातू आपली प्लेटच असणार. २५ × ३ मिमीची तांब्याची पट्टी दोन बाजूंनी खाली घेऊन दोन वेगळ्या खड्ड्यांत अर्थिंग केलं. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, कोरडा जांभा वीज मुरवत नाही. ओल धरणारी बेंटोनाइट माती भरून रोध मोजून घ्यावा. आणि तरीही गडगडाट सुरू झाला की खोली रिकामी करायची, अशी पाटी बोळाच्या तोंडाशी आहे.

दिव्याबद्दल दोन मतं होती. टरेल संध्याकाळी आतल्या भिंतींवर रंगीत उजेड हळूहळू बदलतो. आत नारिंगी झाक असली की बाहेरचं आकाश आहे त्याहून गडद निळं दिसतं, कारण डोळा आतल्या रंगाला सरावतो. आम्ही २७०० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, एकच पट्टी बाकाच्या पाठीमागे लपवली, २४ व्होल्ट, पाणी-धूळ आत न घेणारी (आयपी ६७), सौर बॅटरीवर. मंद करणारा ड्रायव्हर चांगला घ्यावा; स्वस्तातला हलका किर्र आवाज करतो. आपल्याकडे संधिप्रकाश आखूड असतो. सूर्य बुडाल्यापासून २२-२३ मिनिटांत तो सहा अंश खाली जातो, सव्वा तासात पूर्ण काळोख. म्हणून दिवा सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी अगदी मंद सुरू करून पन्नासाव्या मिनिटाला विझवायचा. निळा सर्वांत दाट दिसतो तो पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास. जून ते सप्टेंबर दिवा बंदच. पतंग येतात, त्यांच्यामागे पाली. खरं सांगायचं तर दिवा नसता तरी चाललं असतं.

देखभाल कटकटीची आहे आणि ती कुणाच्या तरी नावावर हवी, ‘गाव बघेल’ म्हणून चालत नाही. आमच्याकडे वाडीतल्या दोघांना महिन्याचा मेहनताना ठरवून दिला आहे. मेअखेर चर आणि नळ्या साफ, खोलीभोवती पाच मीटर गवत काढलेलं. हे गवत मार्चपासूनच काढत राहावं, नाहीतर वणव्याचा धूर भिंतींवर बसतो. पावसात आठवड्याला एकदा जमीन ताठ खराट्याने घासायची. शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकू नये, तिच्यातलं क्लोरीन पावसाच्या तुषारांबरोबर स्टीलपर्यंत पोचतं, आम्लाचंही तेच. कुंभारमाशीची मातीची घरटी प्लेट आणि चुन्याच्या फटीत होतात, ती ओली असताना लाकडी चमच्याने काढावीत. भिंतीवर नावं कोरली जाणार हे गृहीत धरा. चुन्याचा एक डबा पाण्याखाली कायम ठेवलेला असावा, ओरखडा त्याच आठवड्यात भरायचा. एक नाव राहिलं की पंधरा दिवसांत त्याच्या शेजारी चार येतात. दसऱ्यानंतर उन्हाने भिंती सुकल्या की चुन्याच्या निवळीचे दोन पातळ हात, आधी छताला, मग भिंतींना. प्लेटला साध्या पाण्याने धुऊन पुसायचं, त्यावर रंग लावायचा नाही.